शिळी भाकरी नसलेलं घर

भाकरी थापत असताना त्या मोजायच्या नाहीत, असा आमच्या घरी नियम होता. मोजल्या की बरकत जाते, असं आई म्हणायची. मला मात्र दिसेल ते मोजायची सवय. नंदुरबार स्टेशनात मालगाडी आली की डबे मोजत उभा राहणारा मुलगा मी, आणि पुढे नोकरीही तशीच मिळाली. कापसाच्या जिनिंग कारखान्यात काट्यावरचा कारकून. गाड्या यायच्या, कापूस काट्यावर चढायचा, मी वजन लिहायचो. दिवसभर दुसऱ्याचा कापूस तोलून घरी यावं, तर स्वतःच्या घरात भाकरीच्या टोपल्याकडे बघायचीसुद्धा चोरी.

घरात आम्ही चौघं. आई, मी, माझी बायको आणि लग्नाची धाकटी बहीण. वडील गेल्यावर तापीकाठची जमीन चुलत्यांनी कसायला घेतली आणि आम्ही नंदुरबारात भाड्याच्या घरात आलो. आई शहरात आली, पण तिचा हात खेड्यातच राहिला. तिकडे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले सालदार धरून चौदा-पंधरा माणसांचा स्वयंपाक असायचा. त्या मापाने पीठ घ्यायची सवय हाताला लागलेली, ती चार माणसांवर येईना.

खेड्यात उरलेल्या भाकरीला कुणी उरलेली म्हणत नसे. सकाळी सालदार ती चटणीशी खायचा, पोरं ताकात कुस्करायची, राहिलेला तुकडा बैलाच्या, नाहीतर म्हशीच्या तोंडी जायचा. टोपलं आपोआप रिकामं व्हायचं. नंदुरबारात ना सालदार, ना बैल. शिळी भाकरी पहिल्या दिवशी कांदा घालून फोडणीला पडायची, दुसऱ्या दिवशीही पडायची, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही आपापलं ताट सोडून दुसऱ्याच्या ताटाकडे बघायला लागायचो. तरी जे उरे ते आई पत्र्यावर वाळवून गोणपाटाच्या पिशवीत भरायची. "गावनी गाडी उनी का धाडी देऊ ढोरंसले," म्हणायची. गाडी यायची, मिरच्या उतरवून निघून जायची, आणि पिशवी खुंटीला तशीच. मग एक दिवस तिच्यातून किडे चालू लागायचे.

एकदा मी ती पिशवी सायकलला अडकवून कारखान्यात नेली आणि काट्यावर ठेवली. हमाल जमा झाले. एकाने वास घेतला आणि विचारलं, "भाऊ, हाऊ कोनता जातना कापूस शे?" मी वजन केलं. एका महिन्याचे तुकडे होते ते. त्याचं पीठ धरलं, तर आमच्या घरचं चार दिवसांचं जेवण त्या पिशवीत सुकून पडलं होतं. हमाल हसत होते, मला हसू येत नव्हतं. ते टंचाईचे दिवस होते. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थंड झाली की फळीसारखी व्हायची, आणि चांगल्या ज्वारीसाठी ओळखीचा दुकानदार लागायचा. अशा दिवसांत आम्ही चार दिवसांची ज्वारी किड्यांना घालत होतो.

त्या संध्याकाळी मी नवी पद्धत सुरू केली. रात्रीची भांडी आवरली की प्रत्येकाला विचारायचं, उद्या सकाळी किती, संध्याकाळी किती. त्यावरून पीठ तोलून बायकोकडे द्यायचं. थापताना कुणी मोजत नव्हतं, म्हणजे आईचा नियमही मोडत नव्हता, असा माझा मुद्दा.

"तू जिनमा काम करस का कोर्टमा?" आई म्हणाली.

पण पद्धत चालली. बायकोला आवडली, कारण तिची थापण्याची मेहनत वाचली. बहीण मुद्दाम "मला पावणेदोन" म्हणायची आणि मी पावणेदोनचं पीठ तोलायचो. महिन्याभरात खुंटीवरची पिशवी रिकामी झाली, ती आईने धुऊन मिरच्या भरायला घेतली. मी गल्लीतही सांगत सुटलो. शेजारी मास्तर राहायचे, त्यांच्या बायकोने ऐकलं. पलीकडे तेल्याचं घर, तिथल्या म्हातारीने ऐकलं न ऐकलंसं केलं. पण टंचाई सगळ्यांच्याच दारात होती. हळूहळू गल्लीतल्या बायका रात्री नवऱ्यांना विचारू लागल्या. नवरे माझ्याकडे रागाने बघायचे.

मग बहिणीसाठी पहिलं स्थळ आलं. तळोद्याकडचे लोक. आईचा मावसभाऊ नंदुरबारातच राहायचा, आम्ही त्याला मामा म्हणायचो. स्थळं त्याच्याच ओळखीने यायची. पाहुणे आदल्या संध्याकाळी मुक्कामाला आले. पाच माणसं. हातपाय धुऊन बसली, चहा झाला, आणि मी सवयीने विचारलं, "उद्या जेवायला तुम्ही प्रत्येकी किती भाकरी घ्याल?"

 मुलाचा काका सुपारी कातरत होता, तो थांबला. मामाने माझ्या पायाला चिमटा काढला, मला वाटलं मुंगी. दुसऱ्या दिवशी त्या पाच जणांनी एकेक भाकरी खाल्ली आणि हात धुतले. आठवड्याने मामा निरोप घेऊन आला.

"मुलगी पसंत आहे म्हणतात," तो म्हणाला, "पण ज्या घरात पाहुण्याच्या भाकरी मोजतात, त्या घराशी सोयरीक नको, असं त्यांचं म्हणणं पडलं."

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बहिणीच्या बरोबरीच्या मुलींच्या मांडीवर तेव्हा पोरं खेळत होती. ती तोंडाने एवढंच म्हणाली, "दादा, पुढच्या खेपेला निदान पाहुणे जेवून उठल्यावर विचार." पण त्या रात्री भांडी घासताना ती फार आवाज करत होती, आणि माझ्या लक्षात आलं की हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. असली गोष्ट खांडबाऱ्यापासून खापर गावापर्यंत बाजाराच्या एका फेरीत पोचते. आणखी एखादं स्थळ असं फिरलं, तर माझ्या काट्यापायी तिचं लग्न अडणार होतं.

चार-पाच महिन्यांनी मामाने दुसरं स्थळ आणलं. तापीकाठचंच मोठं घर. केळी, कापूस, ऊस, दारात जनावरं. मुलाचे आईवडील येणार होते आणि मुलाची आजी येणार होती. मामा म्हणाला, "बाकीचे नावाला. घरात चालतं ते म्हातारीचं."

आदल्या दिवशी आईने मला समोर बसवलं. "सकाळ तोंड उघाडानं नही. पीठ मी लेसू. तू नुसता बठी ऱ्हाय."

मी कबूल झालो. पाहुणे दुपारी जेवायला यायचे होते. आईने परात भरून पीठ काढून ठेवलं, वांगी भाजायची, खापरावरचे मांडे करायचे, असा बेत. पण म्हाताऱ्या माणसांना उन्हाआधी निघायचं असतं. आठ वाजले नसतील, तोच दारात मामाचा आवाज आला. मागे मुलाचे वडील, आई, आणि दोघांच्या मध्ये एक ठेंगणी म्हातारी, हातात काठी, तोंडात एकही दात नाही.

घरात धांदल उडाली. बायकोने घाईने शिरा केला. म्हातारीने ताटलीकडे पाहिलं आणि बाजूला सारली.

"गोड माले सोसत नही, माय. रातनी शिळी भाकर शे ना? दूधमा कुस्करीसन दे. पहाटपाईन पोटमा काही नही."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टोपल्याकडे पाहिलं. टोपलं पुसल्यासारखं स्वच्छ. आदल्या रात्रीही मी पीठ तोलूनच दिलं होतं. उद्या तोलायचं नाही एवढंच कबूल केलं होतं मी.

"ताजी थापते, आजी. पाच मिनिटं," बायको म्हणाली.

"ताजी नको. ताजीना दूधमा चिकट गोळा व्हस. माले शिळीच दे."

खेड्यातल्या घरात शिळी भाकरी मागणं म्हणजे पाणी मागण्यासारखं. ती नाही म्हणणारं घर तिने पाहिलंच नसेल. आणि नाही म्हटलं, की तळोद्याच्या लोकांनी पसरवलेली गोष्ट खरी ठरत होती. आई मला ओढत मागच्या दारी घेऊन गेली आणि माझ्या हातात पितळी दिली.

"जाय. कोठूनबी लई ये."

मी धोतराचा सोगा खोचला, पितळी उपरण्याखाली धरली आणि गल्लीच्या मागच्या बोळात शिरलो. पहिलं दार मास्तरांचं.

"वहिनी, शिळी भाकरी आहे का?"

मास्तरांची बायको पुण्याकडची. ती आधी माझ्याकडे आणि मग पितळीकडे बघत राहिली. "भावजी, तुम्हीच ना सांगितलंत, मोजून करा म्हणून? काल सहा केल्या, सहा संपल्या." मग तिला हसू आवरेना. "अहो, पण तुम्हाला कशाला हवी?"

सांगायला वेळ नव्हता. पुढचं दार तेल्याचं. तिथली म्हातारी ओट्यावर दात घासत होती.

"शिळी भाकर? आत्तेच गायले दिधी." तिने चूळ भरली. "गायना तोंडमाईन काढीसन देऊ का?"

"नको, नको."

"दारोदार भाकर मांगी ऱ्हायना, जिनमा पगार बंद व्हयना का?" ती आत सुनेला ओरडून सांगू लागली, तोवर मी पुढे निघालो होतो.

गल्लीत आणखी दोन घरं पाहिली. दोन्हीकडे माझीच पद्धत. मी शिकवलेला धडा लोकांनी इतका नीट गिरवला असेल, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एरवी मला अभिमान वाटला असता.

बोळाच्या टोकाला पिंजाऱ्याचं घर होतं. चाचा पिंजण खांद्यावर घेऊन खेडोपाडी जायचे, लोकांच्या अंगणात बसून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. चाची घरी रजयांना टाके घालायची. आमचं येणं-जाणं चांगलं होतं. ईदला त्यांच्याकडून कोऱ्या शेवया आणि साखर यायची, दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा. शिजवलेलं मात्र त्यांच्या घरून आमच्या घरी कधी आलं नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं, पण दोन्हीकडे माहीत होतं.

मी दारात उभा राहिलो. चाचीने सुई कापडात खोवली.

"क्या हुआ, बेटा? अम्मा ठीक है ना?"

मी एका दमात सगळं सांगितलं. तिने शिंक्याकडे बघितलं.

"है तो सही. तेरे चाचा रात को आनेवाले थे, नहीं आए. उनकी दो भाकर पडी है." मग ती थांबली. "लेकिन मेरे घर की? अम्मा को पूछा?"

"नाही."

"और मेहमान को बोलेगा?"

"न सांगता कसं वाढणार?"

चाची हसली. माझ्या पितळीला हात न लावता तिने दोन भाकरी आपल्याच थाळीत ठेवल्या, वर फडकं झाकलं. "सच बोलेगा तो भाकर वापस आएगी. थाली संभालके लाना बस."

परत येताना मला पहिल्यांदा कळलं की माझ्या सगळ्या हिशेबात येणार म्हणून न आलेल्या माणसाला जागाच नव्हती. चाचा येतील म्हणून चाचीने थापल्या, ते आले नाहीत म्हणून त्या उरल्या. याला नासाडी म्हणायची, तर ती कुणाच्या नावावर लिहायची? पण विचार करायला बोळ लहान पडला. मागच्या दारात आई उभीच होती.

"कोनी?" तिने फडकं उचलून विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. फडकं परत झाकत ती हळू आवाजात म्हणाली, "सांगू नको. ज्वारीनी शे, ज्वारीनी दिसस. लई जाय."

मी थाळी घेऊन बाहेर आलो. आईला दिलेला शब्द होता तोंड उघडायचं नाही म्हणून. पण काट्यावर बसून मी आयुष्यात एकदाही चुकीचं वजन सांगितलेलं नव्हतं, आणि एका उपाशी म्हातारीला तिच्या पोटात काय जातंय ते न सांगणं मला जमणार नव्हतं. मी थाळी तिच्यासमोर ठेवली.

"आजी, आमच्या घरी शिळी भाकरी नाही. ही शेजारच्या पिंजाऱ्याच्या घरची आहे. हवी तर घ्या. नाहीतर ताजी थापायला सांगतो."

दारामागे आईने श्वास ओढल्याचं मला ऐकू आलं. मामा छताकडे बघू लागला. मुलाचे वडील पुढे सरकले.

म्हातारीने फडकं उचललं. "ज्वारीनी का बाजरीनी?"

"ज्वारीची."

"रातनी?"

"रातचीच."

"मंग उभा काबरं? दूध लई ये."

"माय," मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "आपन आठे पोर देखाले येल शेत..."

"तुले नको व्हई तं तू नको खाऊ." तिने भाकरी मोडायला घेतली. "पिंजारानी भरेल गादीवर मन्हा जलम गया. आते त्यानी भाकर माले चावी का? माले दात नहीत, भाकरले बी नहीत. कोन कोनले चावी?"

आधी मामा हसला. मग मुलाची आई पदर तोंडाला लावून हसली. बायकोने दूध आणलं. म्हातारीने दोन्ही भाकरी बारीक कुस्करल्या, मीठ मागून घेतलं आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं. खाऊन झाल्यावर तिने माझ्याकडे बोट केलं.

"आते सांग. तुमना घरमा शिळी भाकर काबरं नही?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी पिशवी, काटा, तोलून दिलेलं पीठ, सगळं सांगितलं.

"म्हंजे खरं शे ते," ती म्हणाली. "मी ऐकेल व्हतं. नंदुरबारमा एक घर शे, तठे भाकरी मोजतस."

आई दारातून बाहेर आली. "आजी, पोरना डोकामा किडा शे. पोरगी तशी नही..."

"अवं माय, ऐक तं." म्हातारीने काठी जमिनीवर आपटली. "आमना घरमा कोनीच मोजत नही. चार सुना, चारी थापतस. हाई म्हनस तिनी नही करी, ती म्हनस हिनी नही करी. रोज टोपलंभर उरस, बठ्ठं ढोरंसपुढे. मागला महिनामा म्हैस इतल्या भाकरी खाई गयी का फुगीसन ढोल व्हयनी. रातभर चौघं जन तिना पोट चोळी ऱ्हायनात. मरता मरता वाचनी." तिने सुनेकडे पाहिलं. मुलाच्या आईने मान खाली घातली, पण तीही गालात हसत होती. "म्हनीन तं मी आपला पायेवर उनू. पोरगी कोठे शे?"

बहिणीला अजून कुणी तयारही केलं नव्हतं. कामाच्या लुगड्यात, हाताला पीठ, तशीच ती बाहेर आली आणि बसली.

"आमना घरमा सालदार धरीसन वीस मानसं. तू पीठ कसं लेशी?"

"कोन घर शे, कोन गावले गया, ते आधी इचारसू," बहीण म्हणाली.

"आनि न सांगता कोनी उना तं?"

"मन्ही भाकर त्याले देसू."

"मंग तू काय खाशी?"

"आखी एक थापसू. चुल्हा काय पळी जास?"

 म्हातारीने हात पुढे करून बहिणीच्या बोटांना लागलेलं पीठ झटकलं आणि मुलाच्या आईला म्हणाली, "ऊठ, हिले हातभार लाव. जेवन करीसनच जाऊ."

दुपारी भरीत आणि मांड्यांचं जेवण झालं. मुलाचे वडील इतके मांडे खातील असं मला वाटलं नव्हतं. किती खाल्ले ते मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. उन्हं कलल्यावर मामा पाहुण्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेला. जाताना मुलाचे वडील रीतीप्रमाणे म्हणाले, "कळवू."

दार लागताच आईने बहिणीला विचारलं, "काय वाटस तुले? पोरगा तं उना नही. फोटो तेवढा दिधा त्यासनी." फोटो तिच्या हातात होता.

बहिणीने फोटोकडे पाहिलं, उलटा करून कोनाड्यात ठेवला. "तो ठीक दिसस. पन माय, त्या आजीसंगे ऱ्हावाले भेटत व्हई तं आजच हा म्हन."

मुलीकडच्यांनी आधी होकार कळवायचा अशी आमच्यात रीत नव्हती. निरोप येईपर्यंत गप्प बसायचं, महिना लागला तर महिना. आईने डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या आणि मामाच्या घराकडे निघाली. मी सोबत गेलो. चौकातल्या मिरचीच्या दुकानापाशी मामा समोरून येताना दिसला, तोंडभर हसत, जवळजवळ पळतच. आई त्याला पाहून थांबली, तो आईला पाहून थांबला, आणि भर रस्त्यात दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली.